देव थोरल्याकडे

३ नोव्हेंबर ९६, अलीगंज

हे नख्खासच्या बाजारातून तख्त घेऊन आले. हातगाडीवर बांधून पुढे तख्त, मागे स्वतः स्कूटरवर, वरात काढल्यासारखे. शिसवी, जुनं, पाय कोरलेले. कोण्या नवाबाच्या घरातलं आहे म्हणे. इथे जुनं सगळंच नवाबाच्या घरातलं असतं.

मी विचारलं, आठ महिन्यांसाठी?

"बसायला नको का काही?"

सोळा महिने सतरंजीवरच बसलो ना. कोणाचं काय दुखलं?

५ नोव्हेंबर

राग गेला नाही, म्हणून ठरलेलं एकदा लिहून ठेवते. यांचं डेप्युटेशन दोन वर्षांचं. जुलै ९५ ते जून ९७. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली तीही मोजून तेवढीच. नऊ जून ९७ ला हजर व्हायचं. संस्थेने देताना किती खळखळ केली, मु.अ. बाईंनी शब्द टाकला म्हणून मिळाली. अठरा वर्षं गणित शिकवलंय त्या शाळेत. दोन म्हणजे दोनच वर्षं, असं मिरज स्टेशनवर यांच्याकडून कबूल करून घेतलं, मगच गाडीत पाय ठेवला.

म्हणून या घरात भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडर खिडकीच्या कडीला. कपडे ट्रंकेत. जेवण जमिनीवर, चटईवर. आमचं खरं सामान मिरजेला, स्टेशन रोडच्या घरात, वरच्या दोन खोल्यांत कुलूप लावून ठेवलंय. माझं आरशाचं कपाट, शिवणयंत्र, पितळी डबे, मुक्ताचा पाळणासुद्धा. खाली सुहास भावजी आणि वर्षा राहतात, किल्ली त्यांच्याकडे. आता आठ महिने. त्यातला एक गेल्यातच जमा.

८ नोव्हें.

मालकीणबाई, मिश्राइन, खालून वर आल्या. तख्तावर बसल्या, हात फिरवून पाहिला. "अब लगा कि कोई रहता है. वरना बहनजी, मुसाफ़िरख़ाना लगता था."

मुसाफिरखानाच आहे, म्हटलं. खूप हसल्या. त्यांना वाटलं गंमत केली.

यांना त्या "चौहान साहब" म्हणतात. आलो त्या दिवशीच विचारलं होतं, ठाकुर हैं न आप लोग? हे हो म्हणाले. चव्हाण म्हणायला काय जीभ झिजते? मुक्ताच्या शाळेतही चौहानच झालंय. दुरुस्त करून घ्या म्हणते तर यांचं आपलं, जाऊ दे, काय फरक पडतो. आता सातवीतली पोरगी वहीवर स्वतःच्या हाताने चौहान लिहिते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. काल म्हणाली, "मम्मी, अब तो फ्रेंड्स को घर बुला सकती हूँ ना? बैठने को है कुछ." मम्मी!

१४ नोव्हें.

दिवाळी झाली. वर्षाचं पत्र. भावजींचे ऑस्ट्रेलियाचे कागद आले. जानेवारीअखेर निघणार, कायमचे. पत्रात आनंद आहे आणि रडही आहे, दोन्ही एकाच ओळीत.

शेवटी विचारलंय: ताई, देवांचं काय करू? बरोबर नेऊ का?

घरात पाच टाक आहेत, चांदीचे, मामंजींच्याही आजोबांपासूनचे. खंडोबा, भवानी, जोतिबा, आणि पूर्वजांचे दोन. घासून घासून भवानीचं नाक गेलंय. मी इकडे आल्यापासून वर्षाच करते सगळं. त्याआधी, सासूबाई गेल्यापासून, मी करत होते.

२० नोव्हें.

वर्षाला उत्तर टाकलं. लिहिलं: देव समुद्रापलीकडे नेऊ नयेत. थोरला भाऊ असताना धाकट्याने हलवणं बरं नाही. देव थोरल्याकडेच हवेत, आपल्याकडे तशीच रीत आहे.

वाचणाऱ्याला वाटेल, केवढी देवभोळी! खरं कारण इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

टाक घराला धरून असतात. आमच्याकडे कधी कोणी ते उंबऱ्याबाहेर काढले नाहीत. मामंजींची साताऱ्याला बदली झाली तेव्हा ते एकटे खोली घेऊन राहिले, सासूबाई देवांपाशी राहिल्या, चार वर्षं. तेव्हा देव थोरल्याकडे म्हटलं की थोरल्याला घरी येणं भाग आहे. नवरात्र कोण बसवणार? आता हे काही बोलू शकणार नाहीत. मी सांगून जे होत नाही ते देवांच्या नावावर होईल. पत्र टाकण्याआधी दोनदा वाचलं, काही राहिलं नव्हतं.

८ डिसेंबर

थंडी. रजया भरून आणल्या. मुक्ता त्यातून बाहेर येत नाही.

यांनी सुतार आणलाय. ट्रंकेतल्या कपड्यांना ओल लागते म्हणून भिंतीतलं कपाट. भाड्याच्या घरात! मिश्राइनची परवानगी काढून झालीसुद्धा. ती कशाला नाही म्हणेल, तिची भिंत सजतेय.

इद्रीस मिस्त्री. दाढी पांढरी, चष्म्याला दोरा. दोन दिवस झाले, रंध्याला हात लावलेला नाही. फळ्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवल्यात आणि समोर बिडी ओढत बसतो. काम कधी सुरू, विचारलं.

"लकड़ी को घर की हवा लग जाने दीजिए बहनजी. अभी अजनबी है, बाद में टेढ़ी पड़ेगी."

मला दीड वर्ष हवा लागतेय, म्हणावंसं वाटलं. चहा दिला.

१९ डिसें.

आज पहिला खिळा ठोकला. मी स्वयंपाकघरात होते, कणीक मळत. अकरा घाव मोजले. हे मला बोलवायला आले, बघ तरी कसं बसलंय. गेले. चांगलं बसलंय. माणूस कामाचा पक्का आहे, त्यात खोट नाही.

कपडे लावायला सांगितले. मी यांचे आणि मुक्ताचे लावले. माझे ट्रंकेत राहू दिले. यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं.

१२ जानेवारी ९७

वर्षाचं उत्तर. "ताई, तुमचं अगदी पटलं. ह्यांनाही पटलं. तुमचं पत्र मी भावोजींना ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंय, म्हणजे दोघं भाऊ ठरवतील."

ऑफिसच्या पत्त्यावर कशाला? घरी का नाही? असो. पटलं ना.

१४ जाने.

संक्रांत. धुकं असं की समोरचा पाण्याचा टँकर दिसत नाही. तिळगूळ देताना यांना सरळ विचारलं: देव आपल्याकडे येणार, मग जूनमध्ये जायला हवं, घर उघडायला हवं, यंदाचं नवरात्र आपलं.

"हूं," म्हणाले.

यांचं हूं म्हणजे हो. पंधरा वर्षं ऐकतेय. खूप दिवसांनी बरं वाटलं. संध्याकाळी मिश्राइनला गुळाची पोळी नेऊन दिली. तिने दोन खाल्ल्या आणि म्हणाली, मीठी रोटी है.

२ फेब्रुवारी

भावजी-वर्षा गेले. घराला कुलूप. शेजारच्या कुंभार काकू सकाळी देवांना पाणी घालतात, संध्याकाळी दिवा लावतात. जूनपर्यंत चालेल म्हणाल्या. मी मु.अ. बाईंना पत्र टाकलं, नऊ जूनला नक्की हजर होते. सातवी अ मागितली. त्या वर्गाला खिडक्या आहेत.

२६ फेब्रु.

वर्षाचं मेलबर्नहून पत्र, निळ्या कागदावर, अक्षर बारीक. रिकामं घर मिळालंय. सगळीकडे गालिचा, भिंतीला हात लावायची चोरी, खिळा मारला तर मालक डिपॉझिट देत नाही. तिथे लोक जुने सोफे, गाद्या सरळ फूटपाथवर ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. भावजींनी आणि तिने एक गादी डोक्यावर धरून दोन गल्ल्या चालत आणली. इथला इंजिनीअर माणूस! घरी आणल्यावर दोघं तिच्याकडे बघत बसले, झोपवेना. मग ती चादर टाकून रडली.

"ताई, तुम्ही एवढ्या लांब जाऊन घर कसं हो लावलंत?"

मी लावलं कुठे? पण ती बिचारी जाणार तरी कुठे, तिला लावावंच लागेल. मला तीन महिने काढायचेत फक्त.

१६ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

इद्रीस मिस्त्री चार दिवसांपासून पुन्हा येतोय. हे म्हणाले होते किरकोळ काम आहे, चपलांचं कपाट असेल असं मी धरून चालले. सागवान आणलं तेव्हासुद्धा डोक्यात आलं नाही, चपलांना सागवान कशाला.

आज दुपारी टेप घेऊन दारात उभा. "बहनजी, एक बात बता दीजिए. आप पूजा बैठकर करती हैं कि खड़े होकर?"

म्हटलं, बसून. का?

"तो ऊँचाई कम रखूँगा. साहब ने लिखा नहीं."

कसली उंची? त्याने खिशातून कागद काढून दिला. यांचं अक्षर, रेघा पट्टीने मारलेल्या. देव्हारा. रुंदी, खोली, आत तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर तीन टाक, खालच्यावर दोन. तळाशी: गुढीपाडव्याच्या आधी हवा.

मिस्त्रीला समजलं मला माहीत नव्हतं. मान खाली घालून म्हणाला, "शायद साहब आपको बताना चाह रहे होंगे, अचानक."

मी म्हटलं, बैठकर. बैठकर करती हूँ. आणि आत आले.

१७ मार्च

काल संध्याकाळी हे आले तेव्हा कागद तख्तावर ठेवला होता. बूट काढेपर्यंतही थांबले नाही.

सगळं सांगितलं त्यांनी. आवाज न चढवता, ऑफिसात टिपण वाचावं तसं. इथल्या ऑफिसात कायम करून घ्यायचा अर्ज यांनी सप्टेंबरातच दिला. ऑर्डर जानेवारीत आली. मिरजेचं घर विकायचं दोघा भावांचं ठरलं, भावजी जायच्या आधीच कागदावर सह्या झाल्या, मेमध्ये ताबा द्यायचा. माझं सामान? पितळ आणि मशीन ट्रान्सपोर्टने येईल. कपाट काकूंना देऊन टाकलं.

देऊन टाकलं!

"आणि देव?"

"देव थोरल्याकडे हवेत. तूच लिहिलंस ना?" खिशातून माझं पत्र काढलं. घडी पडून पडून मऊ झालेलं. "खरं सांगू, माझी हिंमत होत नव्हती. सुहासला वाटायचं वहिनी देव हलवू देणार नाहीत, देव असेपर्यंत घर विकता येणार नाही. मग तुझं पत्र आलं. मला वाटलं, तुला कळलंय, तू तुझ्या पद्धतीने हो म्हणतेयस."

असं वाटलं यांना. की असं वाटून घेतलं? पंधरा वर्षांत हा माणूस मला इतकंच ओळखतो?

मी देवांना खुंटा समजत होते. यांच्या लेखी ते पाव किलो चांदी, डब्यात घालून आणता येते. आणि मामंजींची साताऱ्याची गोष्ट? त्यावर म्हणाले, "बाबांनी आईची चार वर्षं त्या देवांपायी घालवली. मला तसं करायचं नव्हतं."

तिकडे अकरा वर्षं यांना कोणी विचारलं नाही, मान्य. ज्युनियर वर गेले, हे तिथेच. इथे चपराशी उठून उभा राहतो, साहेब सल्ला विचारतात. पाहिलंय मी, ऑफिसच्या कार्यक्रमात. पंधरा वर्षांत असे हसले नव्हते. मग मला सांगायचं होतं ना सप्टेंबरात. भांडले असते. रडले असते. पण मला विचारलं असतं.

२५ मार्च

काल होळी. सगळे रंगात. मुक्ता ओळखू येत नव्हती. मिश्राइनने माझ्या गालाला गुलाल लावला, मी लावून घेतला.

आठ दिवस यांच्याशी कामापुरतं बोलणं. भाजी, दूध, सिलिंडर.

६ एप्रिल

हे मिरजेहून आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा जेवणाचा डबा, आत मऊ फडक्यात पाच टाक. सबंध प्रवासात डबा मांडीवर धरला होता म्हणे, झाशीला गाडी बदलतानाही खाली ठेवला नाही. निघताना देवांपुढे नारळ फोडला, सांगितलं त्यांना कुठे नेतोय ते.

देवांना सांगितलं.

मी डबा उघडला. रागाने उघडला. नाक गेलेली भवानी वर होती. मग मला रडू आवरलं नाही, मुक्तासमोर, मिस्त्रीसमोर, तसंच जमिनीवर बसून. मिस्त्री हत्यारं तशीच टाकून व्हरांड्यात गेला.

८ एप्रिल, पाडवा

देव बसवले. देव्हारा सुरेख झालाय, खोटं कशाला बोलू. बसल्यावर हात बरोबर पोचतो. दरवाजाच्या कमानीला बारीक वेल कोरलीय, कागदात नव्हती ती. "अपनी तरफ़ से" म्हणाला मिस्त्री.

गच्चीवर गुढी उभारली. मिश्राइन आणि चार बायका ढोलक घेऊन आल्या, दोन तास गायल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच: अब घर पूरा हुआ. मी पन्हं वाटत होते. हे पाहुण्यांना घर दाखवत होते.

२१ एप्रिल

मु.अ. बाईंचं पत्र. नऊ जूनला हजर झाला नाहीत तर संस्था जागा रिकामी समजेल, माझ्या हातात काही राहणार नाही. सातवी अ तुमच्यासाठी धरून ठेवलीय. खाली स्वतःच्या हाताने: सुनंदा, या हो.

हे पत्र यांना दाखवलं. वाचलं. घडी घालून परत दिलं. "इथेही शाळा आहेत."

इथे गणित मी कोणत्या भाषेत शिकवू? समीकरणाला काय म्हणतात ते मुक्ताला विचारून?

४ मे

उकाडा सुरू. लू. कूलरमध्ये वाळ्याचे पडदे घातले, खोलीभर ओला वास. दिवसातून चार वेळा वीज जाते, मग तो वास तेवढा उरतो.

आता रोजचं: सहाला उठून टाक घासणं, पाणी, फूल, नैवेद्य. सोमवारी आणि रविवारी जास्त. यांनी देव आणले, पूजा माझी. परवा मी सहज बोलून गेले, जूनमध्ये मी गेले तर? पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

हे चटणी घेत होते. वर न बघता म्हणाले, "देवांचं कोण करेल?"

मुक्ताचं नाही. स्वतःचं नाही. देवांचं. सासूबाईंना चार वर्षं जे म्हटलं गेलं असेल ते मला आता ऐकू आलं. आणि ते वाक्य यांच्या हातात मीच दिलंय, माझ्या सुवाच्य अक्षरात.

१८ मे

मुक्ताशी बोलले. दोघी गच्चीवर, कपडे काढताना. मिरजेला माझ्याबरोबर येशील का, आठवी तिकडे. गोडबोले बाई, माझ्या शाळेतल्या, एक खोली द्यायला तयार आहेत.

बराच वेळ चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मुझे मराठी में साइन्स नहीं आएगा. और वहाँ अब है क्या?"

खरंच काय आहे आता? घर नाही, कपाट नाही, देव नाहीत. एक वर्ग आहे, खिडक्यांचा. चाळीस मुली. फळ्यावर मी उदाहरण घातलं की मान वर करून बघणाऱ्या. एवढं पुरेसं आहे असं बारा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मलाच वाटतं कधी, हे पुरेसं आहे का. आणि मग वाटतं, का नाही?

२४ मे

यांनी परवा ऑफिसात टाइप करून आणलं: "कौटुंबिक कारणास्तव मी सहशिक्षिका पदाचा राजीनामा..." मराठी टाइपरायटर नाही म्हणून हिंदीच्या मशीनवर. ळ नाही त्यात, तो पेनाने केलाय. फक्त सही करायची. प्रॉव्हिडंट फंड लवकर मिळेल म्हणून, दुसरं काही नाही, म्हणाले.

कागद तख्तावर, पेन वर ठेवलेलं. दोन दिवस मी त्याच्या बाजूने झाडते.

२६ मे

सकाळी अंग मोडून आलं, ताप. उठून देवांचं करायला गेले तर मुक्ता आधीच बसली होती. केस ओले, ओढणी डोक्यावरून. पाचही टाक घासून फडक्यावर ओळीने ठेवले होते. कोणी शिकवलं, विचारलं. "आप को रोज़ देखती हूँ." आरती म्हणाली, माझीच, मराठीतली. एक शब्द चुकला नाही.

दारात उभी राहून पाहिलं. अभिमान वाटला. आणि दुसरंही काही वाटलं, ते नाव देण्यासारखं नाही. माझ्यावाचून होतं तर!

३१ मे

हजर होत असल्याचा अर्ज लिहिला. हाताने. पोस्टात जाऊन रजिस्टर केला. परत येताना स्टेशनच्या रिझर्व्हेशन ऑफिसात रांगेत उभी राहिले, सहा जून संध्याकाळची गाडी, झाशीला बदल. एक तिकीट. खिडकीतल्या बाईने विचारलं, वापसी का भी? मी म्हटलं, अभी नहीं.

राजीनाम्याचा कागद उचलून या वहीत ठेवला. फाडला नाही. का नाही फाडला ते मला विचारू नये.

२ जून

अजून सांगितलं नाही. काल सांगणार होते, यांच्या ऑफिसातले लोक आले. आज यांना ऊन लागलं, कैरीचं पन्हं देत बसले. कपाळावर पट्ट्या ठेवताना डोळे मिटून म्हणाले, "तू आहेस म्हणून." तेवढंच.

असं वाक्य सप्टेंबरात बोलायचं होतं.

त्यांनी माझ्यापासून सहा महिने लपवलं. मी तीन दिवस लपवतेय. एकाच जातीचं आहे हे, मला माहीत आहे.

५ जून

गाडी उद्या.

सकाळपासून बोलायचं ठरवून होते. यांनी आज रजा घेतली होती, बरं वाटत होतं, तेव्हा आजच. वाक्यसुद्धा तयार केलं: मी उद्या मिरजेला जातेय, दिवाळीला येईन, मग बघू. तीन तुकडे, सोपे. शेवटच्या तुकड्याबद्दल मला खात्री नाही.

अकराच्या सुमारास खालून हाका. इद्रीस मिस्त्री आणि हातगाडीवाला. जेवणाचं टेबल. आणि चार खुर्च्या, मिस्त्रीने स्वतःच्या दुकानात बनवलेल्या. हे जिन्यात उभे राहून सांभाळून, सांभाळून ओरडत होते, आजारी माणूस. वर आणेस्तोवर घामाघूम. मधल्या खोलीत बरोबर बसलं, दोन्ही बाजूंनी सारखी जागा. यांनी मापं कधी घेतली कोण जाणे.

"मांडी घालून तुझे गुडघे दुखतात," म्हणाले. "म्हणून."

दुखतात. मी कधी बोलले नव्हते.

मिस्त्री टेबलावर हात फिरवून म्हणाला, "बहनजी, पहला खाना गरम होना चाहिए इस पर." आणि चहा न घेता गेला.

वरण-भात तयार होता. मुक्ताने चटया गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या, ताटं मांडली. बाप टेबलाच्या टोकाला बसला, ती त्यांच्या उजवीकडे. दोघं माझ्याकडे बघत होते. पोरगी म्हणाली, मराठीत म्हणाली, "आई, तुझी कोणती?"

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. ते वाक्य तोंडात होतं, तीन तुकड्यांचं.

म्हटलं, तुम्ही बसा, मी वाढते.